नळाला घातलेली कुंची

आधी हसणार नाही म्हणा, मग सांगते. इकडे परदेशात, बॉथेलला आमची पहिलीच थंडी. दुपारी ह्यांचा ऑफिसातून फोन आला, "आज पाणी गोठवणारी थंडी पडणार आहे. बाहेरच्या नळाला टोपी घाल, नाहीतर पाइप फुटेल."

मला धडकीच भरली. पाइप फुटून पाणी बंद झालं, तर तान्ह्या पोरीचं मी काय करायचं? घरातल्या सगळ्या टोप्या काढल्या, एकही नळावर टिकेना. शेवटी आईनं शिवून पाठवलेली पिहूची लाल कुंची नळाला घातली आणि बंद घट्ट बांधले.

थोड्या वेळानं शेजारच्या काकू दार बडवायला लागल्या. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? पोरीला थंडीत भिंतीशी बसवलंस!"

"कुठं?" म्हणत मी अनवाणीच धावले. बघते तर भिंतीपाशी लाल कुंची! "पिहूऽऽ" म्हणून किंचाळले, तशी माझ्याच कडेवर पिहूनं भोकाड पसरलं.

काकू एकदा तिच्याकडे बघतात, एकदा नळाकडे. "मग हा कोण?"

संध्याकाळी हे आले आणि गॅरेजमधून फोमचं झाकण घेऊन आले. "अगं, मी ह्याला टोपी म्हणत होतो!"

"मग झाकण म्हणायचं ना!"

ह्यांनी झाकण बसवलं. हे आत गेल्यावर मी वरून कुंचीही बांधली. फक्त आधी काकूंना फोन करून सांगितलं.