निळ्या स्वेटरमधले गृहस्थ

निमाणी स्टँडवर सकाळी ओझरच्या बससाठी रांग लागली होती. अंजलीच्या पुढे एक अंध मुलगी आणि तिचे वडील उभे होते. मुलीच्या डोळ्यांवर समोरचं पाहून कानात सांगणारा चष्मा होता.

"संजना, आज शेवटचं येतो. उद्यापासून तू एकटी जा बँकेत."

"बाबा, सोमवारीपण शेवटचंच होतं."

"मग मंगळवारपासून कालपर्यंत गेलीस की एकटी."

"एकटी? काल रस्ता ओलांडून मी मागे वळले, तर चष्मा म्हणाला, निळ्या स्वेटरमधले वयस्कर गृहस्थ खांबाआड उभे आहेत."

"नाशकात काय एकाकडेच निळा स्वेटर आहे?"

"त्यांच्या हातात पांढरी काठी होती. माझी जुनी."

"यंत्र आहे ते. बंद पडलं म्हणजे?"

"नवी काठी आहे ना हातात. शिवाय माणसं आहेत, विचारीन."

"इतकी वर्षं हात धरून नेलं तुला. आता सकाळी घरी बसून मी करू काय?"

"चहा प्या. पेपर वाचा. संध्याकाळी मला सांगा काय काय आलंय ते."

तेवढ्यात बस आली. संजना काठीने पायरी चाचपत चढली, अंजली तिच्या शेजारी बसली.

"ताई, माझे बाबा चढले का हो?"

अंजलीने वळून पाहिलं. मागच्या दाराशी वडिलांनी एक पाय पायरीवर ठेवला होता. दोघांची नजरानजर झाली. त्यांनी पाय हळूच खाली घेतला.

"नाही," अंजली म्हणाली. "खालीच आहेत."