कोरड्या विहिरीचं कुनी सांगत न्हाई

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, पन महाबळेश्वरच्या बाजूचं न्हाई, पार पूर्वेकडचं, जिथं ढग नुसते बघून पुढं जात्यात. माझे वडील, आमी त्यांना दादा म्हनतो, ते पानाड्या. म्हंजे जमिनीत पानी कुठं लागंल ते सांगनारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातनं चालायचे आन नारळ उभा राहिला की तिथं टाच मारून म्हनायचे, हितं पाडा विहीर. पैसा घेतला न्हाई कधी, पैसा घेतला की हात जातो म्हनत्यात, फक्त तो नारळ घ्यायचा आन ज्याची विहीर त्याच्या घरी जेवायचं. मग पानी लागलं की ती मानसं सांगायला यायची, दादांना गाडीवर बसवून न्यायची, विहिरीच्या काठावर डोक्यात नवी टोपी घालायची, पुरनपोळी वाढायची, आन आमी पोरं मागनं पळत जायचो. आमच्याकडं ती रीतच व्हती.

काहीजन यायचेच न्हाईत. मग दादा आईपाशी त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचे, बघ, पानी लागलं आन आमाला इसरले, चूळ भरायला पन बोलावलं न्हाई. आई म्हनायची, असंल काही काम. दादा म्हनायचे, कसलं काम, मानसंच तसली.

मी बारावी झाले आन लग्न करून हिकडं आले. मालक वाशीच्या मार्केटला माथाडी, खांदेश्वरला आमची वन रूम किचन. धाकटा शाळेत जायला लागला तवा मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, नकाशे काढायचा, आन बेलापूरच्या एका ऑफिसात लागले. काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी साहेबांनी इचारलं वडील काय करतात, मी म्हनलं शेती. पानाड्या म्हनायला जीभच उचलंना, कारन त्या ऑफिसात कामच ते, जमिनीत पानी कुठं असंल त्याचा नकाशा करायचा.

आता ते काम कसं असतं, तर खडक कुठला, उतार किती, ओढे कुठनं जात्यात, माती कसली, ह्याचं एकेक पान एकावर एक ठेवायचं. कॉम्प्युटरवरच असत्यात ती, लेयर म्हनत्यात. प्रत्येकाला गुन द्यायचे, ते आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम देत्यात, मी न्हाई, आन सगळ्याची बेरीज करून रंग भरायचे. निळा म्हंजे भरपूर, मग हिरवा, मग पिवळा, लाल म्हंजे नादच सोडा. आन मग गावोगाव जाऊन खऱ्या विहिरी बघून यायच्या, पानी लागलेल्या पन आन कोरड्या पन, आन नकाशाशी जुळत्यात का ते बघायचं. जुळलं न्हाई तर गुन बदलायचे.

तर एकदा आमच्याच तालुक्याचं काम आलं. मॅडम म्हनाल्या तू चल, तुला तिथली बोली येते. गेले मी. आन लोकांनी काय केलं माझं, अहो, पानाड्याची लेक आली म्हनून दारोदार चहा, ओटी भरली, हातात शेंगा दिल्या. मी सगळ्यांना इचारलं, कोरडी विहीर गेली का कुनाची? कुनी म्हनलं न्हाई, कुनी म्हनलं आठवत न्हाई. आमच्या शेजारची वस्ती हाय, तिच्यावरच्या उतारावर तर एकही कोरडी न्हाई. मॅडम खूश झाल्या, त्या उताराचे गुन वाढवले, उतार सगळा हिरवा झाला. आन त्या नकाशावर वस्तीच्या पिन्याच्या पान्याची नवी विहीर तिथंच धरली. टँकरवर जगनारी वस्ती ती, एकदाच विहीर मिळनार व्हती.

मग त्याच वस्तीवरची आमची सखूमामी नेरूळला लेकीकडं आली. सारसोळेच्या बाजूला ऱ्हाते लेक. आई गेल्यापासनं दादा माझ्याकडंच असत्यात, म्हनून मामी त्यांना भेटाया आली, शेंगदान्याची चटनी घेऊन. दादा भायेर बसलेले, आन ही आत माझ्यापाशी भाकरी थापता थापता हळूच म्हनाली, वस्तीची ती नवी विहीर, तिला न्हाई गं पानी लागायचं. आमची पन तिथंच गेली कोरडी, शिंद्यांची गेली, भोसल्यांची गेली. मी म्हनलं मामी, मी आले व्हते तवा का न्हाई सांगितलंस? तर म्हनाली, जागा तुझ्या बापानं दाखवलेल्या. त्यानं पैसा घेतला न्हाई, आमच्यात जेवून गेला, अशा मानसाला कोरड्या खड्ड्याचं तोंड कसं दाखवायचं? बुजवल्या आन गप बसलो. आन लेकीला सांगितलं काय आन बापाला सांगितलं काय, एकच ते.

मला टेन्शन आलं. मॅडमना सांगितलं, त्या रागावल्या न्हाईत, म्हनाल्या नेमक्या जागा दे, मी नकाशा दुरुस्त करते. पन बुजवलेल्या विहिरी दिसत्यात कुठं? मामीनं तिघांची नावं सांगितली, पन अशा आनखी किती आन कुठं, ते ठाऊक एकट्या दादांना. म्हंजे त्यांना इचारायचं तर सांगावं लागनार. त्या मानसाकडं दुसरं काय व्हतं हो, जमीन न्हाई धड, पैसा न्हाई, एवढं नावच व्हतं. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मालक कामावर गेल्यावर चहा दिला आन सांगून टाकलं. आडपडदा ठेवला न्हाई, मला येतच न्हाई ते. दादांनी कप खाली ठेवला. मग म्हनाले, सोपानाला फोन लाव. सोपान म्हंजे सखूमामीचा नवरा. मी लावला, मोठ्यानं ऐकू येईल असा. सोपानमामा आधी म्हनाले न्हाई न्हाई, व्हतं थोडं पानी. दादा म्हनाले, सोप्या, खरं बोल. मग ते म्हनाले, कोरडी गेली, पार कातळापर्यंत. दादा म्हनाले, आरं मग मला सांगायचं व्हतंस, तुझ्यानंतर शिंद्याला मी त्याच उतारावर बसवला, त्याच्यानंतर भोसल्याला. तू सांगितलं असतंस तर बसवला असता का मी? सोपानमामा म्हनाले, कसं सांगनार दादा, आमच्यात जेवला व्हता तुमी. दादा म्हनाले, जेवलो व्हतो म्हनूनच सांगायचं व्हतं.

त्यानंतर ते बसले आन मोबाइलवर नकाशा मोठा करून मी दाखवीन तसं सांगाया लागले, हा ओढा, ही बांधावरची बाभळ, हितं ह्याची, तिथं त्याची. जी मानसं पुरनपोळीला बोलवायला आली न्हाईत म्हनून जल्मभर ज्यांचा उद्धार केला, त्यांचीच नावं आठवून आठवून सांगत व्हते. एकेकाला फोन केले. बहुतेकांच्या कोरड्याच निघाल्या. दोघातिघांना पानी चांगलं लागलं व्हतं आन ते खरंच इसरले व्हते, त्याचं दादांना बरं वाटलं.

उतार लाल झाला. विहिरीची जागा खाली ओढ्याकडं सरकवली, खोदाई चालू हाय. लागतं का न्हाई ते आज मी सांगू शकत न्हाई, नकाशा काय देव न्हाई. मॅडम आता गावात गेल्या की पहिल्यांदा कोरड्याच इचारत्यात, आन मी संगं असले तर मी पानाड्याची लेक आन दादांना कोरड्यांचं सगळं कळलंय हे आधी सांगत्यात, म्हंजे काही राहिलं असंल तर कुनी लपवू नये.

दादांचा गुडघा गेलाय, आता रानात चालवत न्हाई. तरी हिकडं साताऱ्याकडची मानसं लई, परवा आमच्याच सोसायटीतला एक पोरगा आला, गावाला बोअर घ्यायचीय, आशीर्वाद द्या म्हनला, नारळ पन आनलेला. दादांनी नारळ घेतला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हनाले, जा, लागंल पानी. तो पाया पडून दारापर्यंत गेला, तर त्याला परत हाक मारली, म्हनाले, आन न्हाई लागलं तरी सांगायला ये. जेवून जा.