दोघांची बासरी

वादीच्या, म्हणजे इथल्या ओढ्याच्या, काठी बसून मटण-भाताची मंदी खायची आणि ताटं पाण्यातच सोडायची, लोकांना लाज कशी वाटत नाही? आम्ही दर शुक्रवारी रियाधच्या वादीतला तो कचरा वेचून वस्तू बनवतो.

परवा आमच्यातल्या रोसाने, बोलिव्हियाच्या डोंगराळ गावातल्या नर्सने, सापडलेल्या पाइपांच्या नळ्या कापल्या. गावाकडची, लहानमोठ्या नळ्या ओळीत बांधलेली बासरी करायची होती. नळ्यांचे दोन गठ्ठे होते. मी घाईत सगळे एकत्र बांधून टाकले.

रोसा म्हणाली, “अर्धे सूर एकाकडे, अर्धे दुसऱ्याकडे. दोघांनी मिळूनच वाजवायची. इथे जोडीदार नाही, म्हणून चार वर्षं वाजवलीच नाही.”

मी गाठ सोडून अर्ध्या नळ्या फुंकल्या. नुसती हवा.

पिकअपवाले हमीदचाचा म्हणाले, “आण इकडे. तीस वर्षं संसार असाच केलाय, अर्धा इथे, अर्धा रत्नागिरीत.”