स्विचवरचा प्लास्टिकचा झेंडू

—आत या हो भाऊराव, दारात काय उभे? सर्व्हर रूम काय तुम्हाला नवीन आहे? गेल्या दसऱ्यापर्यंत इथली पूजा तुम्हीच करायचात ना— आणि ‘साहेब’ काय, विद्याधर म्हणा, पूर्वीसारखं. मुलुंडच्या गोडाऊनवरून इथे मरोळला यायचं म्हणजे सकाळीच निघाला असाल. काय आणलंय पिशवीत? झेंडूचा हार— अहो, हा तर प्लास्टिकचा! का? ...पाणी ठिबकायला नको म्हणून?

बसा. दोन मिनिटं बसा हो. हा स्विच आहे ना, ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर जोडणारी ही पेटी— हिच्या आत एक चिप असते. माहितीचं पॅकेट आलं की कोणाकडून आलं, कुठल्या पोर्टातून, म्हणजे केबल खोचायच्या ह्या खाचेतून आलं, ते टिपून ठेवते, आणि ज्याचं त्याला धाडते. सगळ्यांसाठीचं असलं तर? तर ज्यातून आलं तो पोर्ट सोडून बाकी सगळ्यांतून सोडते. डोकं लावत नाही, दमत नाही. आता समजा, एकाच केबलची दोन्ही टोकं कोणी ह्याच पेटीत खुपसली— संपलं! इथून गेलेलं तिथून परत आत, पुन्हा सगळ्यांना, पुन्हा आत, सेकंदाला लाखो वेळा. वाट लागणारच. गेल्या दसऱ्याला तुमच्या पूजेनंतर चार तास ऑफिस बंद होतं ते ह्यानं. तुमच्या तांब्यातल्या पाण्यानं नाही.

कोणी म्हणजे— मी. तुमचा हार नीट बसावा म्हणून केबली सरकवत होतो, एक टोक लोंबताना दिसलं, दिलं खोचून. दुसरं टोक ह्याच पेटीत आहे हे बघतोय कोण! हे अडवायची सोय असते ह्यात, तीही मीच बंद ठेवलेली. चिपनं सगळं लिहिलं होतं हो— एकच कॉम्प्युटर घटकेत अकरा नंबरच्या पोर्टाला, घटकेत बाराला. वाचलं मी. आणि पुसून टाकलं. ऑफिस का बंद पडलं म्हणून जाब विचारत दीप्ती मॅडम समोर उभ्या, तोंडातून निघून गेलं, भाऊरावांनी पाणी सांडलं. आणि तुम्ही हात जोडलेत! का जोडलेत? मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील सगळे— नाही, खोटं बोलतोय. त्यावरून तुमची गोडाऊनला बदली झाली तेव्हा बरं वाटलं मला, समोर दिसणार नाही म्हणून. लाज वाटते हो सांगायला. आणि तुम्ही वर्षभर स्वतःच्या हातालाच दोष देत होतात?

मॅडमना सांगतो ना. आत्ताच— म्हणजे त्या जेवून आल्या की. नक्की. अहो, हार परत पिशवीत का घालताय? ठेवा ना तो... भाऊराव?

बरं. दार तेवढं लोटून घ्या. एसी चालू आहे.