अध्याय पुरा होईपर्यंत

माझं गाव पाली, राजगडाच्या पायथ्याचं. मानमोडीच्या साथीत आई-बाप दोघं गेले, चुलत्यानं मला मिशनच्या मडमांच्या हवाली केलं, तवा मी सात-आठ वर्साची असंन, तिथंच वाढले, तिथंच ख्रिस्ती झाले, तिथंच नर्सचं काम शिकले. मग आमच्या डाक्टर मडमबाई अरबांच्या मुलखात निघाल्या, म्हणल्या, रूथ, येतीस का, मी म्हणले येते. हितं माझी वाट बघणारं कोण व्हतं.

समुद्राकाठचं गाव, समदे मुसलमान, झाड म्हणाल तर खजूर. नऊ वर्सं ऱ्हायले, एक माणूस ख्रिस्ती झालं न्हाई. पण दवाखान्यात बाया यायच्या, ओसरीवर बसायच्या, मी त्यांच्या बोलीत शुभवर्तमान वाचायची, वाचून झालं की एकेकीला आत सोडायची. ती बोली मला शेजारच्या सफियानं शिकवली. काय सांगू तुमाला, सख्खी बहीण करणार न्हाई एवढं तिनं केलं, मला ताप आला की उशाशी बसून ऱ्हायची.

एक दिवस ती लेकराला घिऊन आली, दोन वर्साची पोर, घसा धरलेला, श्वास वाजत व्हता. मी वाचत व्हते. तिनं हातानं खुणावलं, म्या बी हातानंच सांगितलं, थांब. आमचा बाप पोथी वाचायचा, अध्याय धरला की अर्धा सोडायचा न्हाई, घरात काय बी होवो, ते माझ्या अंगात मुरलेलं, ख्रिस्ती झाले तरी गेलं न्हाई. मडमबाईंनी असं कधी सांगितलं नव्हतं बरं का, त्या म्हणायच्या आजारी माणूस आधी. माझंच ते. वीस-पंचवीस ओळी ऱ्हायल्या व्हत्या, त्या म्या वाचल्या, अध्याय पुरा केला, मग उठले.

मडमबाईंनी टेबलावर घेतली तवा पोर निळी पडली व्हती. त्यांनी घशात नळी घालाय बघितली, पर जीव गेला. मला तिथल्याच बोलीत इचारलं, कधीची बसलीय ही? मी म्हणले, आत्ताच आली. सफिया शेजारीच उभी. तिला समदं कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पोरीला उचललं आन् घरी गेली.

दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. बाया बसल्या व्हत्या, मला वाटलं हाकलून देतील, तर तिनं सरकून जागा केली, हातात कॉफी दिली, पाठीवर हात ठिवून म्हणाली, अल्लाची मर्जी, रडू नको. मी रडत नव्हते. मला रडूच येत नव्हतं, अजून येत न्हाई.

मग लढाई लागली, आमी परत आलो. मडमबाई त्यांच्या देशी गेल्या, तिथंच वारल्या, त्यांना खरं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. आता नसरापुरात खोली हाय, बाळंतपणं करते, चाललंय. लोक म्हणत्यात बाई लई पुण्याचं काम करून आली, तुमी बी तेच लिवाय आलाव. लिवा. पर आत्ताच आली असं मी म्हणले, ते बी लिवा. देव तुमच्या लेकराबाळांना औक्ष देवो.