उजव्या हाताचा सांधा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आमच्या धंद्यातले सारे सोबती, आणि गुडघे कुरकुरत असतानाही माझ्या आग्रहाखातर तिसऱ्या रांगेत येऊन बसलेल्या बाई, सर्वांना नमस्कार.

आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे डावरे दादा. हे आडनाव नव्हे बरं का. पाना, पेन, चहाचा कप, सगळंच डाव्या हातात! एकतीस वर्षं आम्ही दोघांनी घरोघरच्या विहिरींतले पंप दुरुस्त केले. आता दोघांच्याही कमरा आमच्याआधी बोलतात.

कौतुक पुष्कळ झालं. अध्यक्षांची परवानगी असेल तर मी एका पंपाविषयी बोलतो.

अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या रांगेतल्या याच बाईंच्या विहिरीत आम्ही पंप सोडला. महिन्याभरात तक्रार आली: बटण दाबलं की एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडतो. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि बाई चार दिवस शेजारून बादल्या वाहत होत्या. दादांनी व्होल्टेज पाहिलं, ठीक. कपॅसिटर बदलला, तरी तेच. मग विहिरीत जाणारी केबल स्टार्टरपासून सोडवली, आणि एमसीबी टिकला!

"दोष खाली आहे. पंप ओढ वर," दादा म्हणाले.

मोटरजवळ केबलच्या सांध्यात पाणी शिरलं होतं. दादा टेप गुंडाळतात ती डावीकडे. हे वेढे उजवीकडचे. त्या कामावर उजवा हात कोणाचा होता, सांगायला हवं का? घाईत मी आतला रबरी थर दिलाच नव्हता.

दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ब्लेडने टेप कापून खिशात घातली. बाईंना म्हणाले, "सांधा माझा. चुकलो."

"पुन्हा या फाटकातून आत येऊ नका!" बाई कडाडल्या.

दादा पुन्हा नाही गेले. त्या गल्लीतल्या आठ घरांची कामंही तुटली. वाटेत मी म्हटलं, "मी सांगतो ना त्यांना."

"तुला आत्ता कुठे तुझ्या नावाने कामं येतायत. गप्प बस."

आणि मी बसलो की हो गप्प! अकरा वर्षं!

दादा, खुणा करू नका, बसतोच आहे. पाय थकलेत, त्याहून हे वागवून थकलोय.

बाई, तो सांधा माझा होता.

संयोजकांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सांध्याचं मात्र घालू नका. ते माझ्या माथी मारा, आणि दादांना एकदा फाटकातून आत बोलवा. पंप बघायला नाही. नुसतं बसायला.