हिरीतली भावकी

(दुपार. राणीसावरगावच्या शिवारात, नुकत्याच उपसलेल्या विहिरीच्या काठावर बाप-लेक.)

धम्मशीला : कोणी सांगितलं तुमाला उपसायला? मी सांगितलं?

सिद्धोधन : आवाज खाली. माझी हीर हाय, मी उपसली.

धम्मशीला : तळ दिसायलाय, तळ! आबा, माझी सगळी पीएचडी ह्या तळाला होती. कुठं गेलं सगळं?

सिद्धोधन : अगं, तूच फोनवर म्हणलीस, “परवा पुण्याचे सर शेवाळ बघायला यायलेत.” म्हणलीस का न्हाई?

धम्मशीला : म्हणले. मग?

सिद्धोधन : मग काय? आपल्याकडं शेवाळ बघायला माणूस कव्हा येतो? पाण्याची तक्रार गेली की येतो! गावानं पाणी भरू दिलं न्हाई म्हून माझ्या बापानं ही हीर खांदली. तरी जन्मभर हेच ऐकलं, त्यांच्या हिरीत शेवाळ, त्यांच्याकडचं पाणी पिऊ नका. आता पुण्याचा माणूस यिऊन तेच बघणार? क्रेन लावली, गाळ काढला, ब्लिचिंग टाकलं. म्हणलं, बघ म्हणावं आता काय बघायचं ते.

धम्मशीला : अहो, ते घाण बघायला न्हाई यायले! ते शेवाळच बघायला यायलेत. अन् ते साधं शेवाळ न्हवतंच!

सिद्धोधन : आता घ्या! घडीत शेवाळ, घडीत शेवाळ न्हाई.

धम्मशीला : पुस्तकात त्याला शेवाळच म्हणतेत, हिरवं शेवाळ. पण त्यात दोन घरं हायेत. पायरीवर पाय घसरायचा ते एक. अन् तळाला होतं ते दुसरं, कारा त्याचं नाव. हाताला चरचरीत लागायचं, लसणावाणी वास यायचा.

सिद्धोधन : यायचा. क्रेनवाल्यानं नाक धरलं.

धम्मशीला : ते ह्या ज्वारीच्या, बाभळीच्या भावकीतलं हाय. पायरीवरचं लांबचं, लय आधी वेगळं निघालेलं.

सिद्धोधन : बरं, असंल भावकी. पण ती माझ्याच हिरीत कशाला बघायची? दुसऱ्या हिरी मेल्या का?

धम्मशीला : त्या काळ्या दगडाच्या मधला पांढरा पट्टा बघा. खाली लाव्हा, वर लाव्हा. मधी इथं तळं होतं, साडेसहा कोटी वर्षांमागं. त्या तळ्यात असंच कारा होतं. अंग कुजून गेलं, पण त्याच्या फळात चुना धरतो, म्हून फळं दगडात राहिली. खसखशीएवढी, वळ्या पडलेली. वर दगडात ते, अन् खाली पाण्यात जिवंत. एकाच हिरीत, आबा!

सिद्धोधन : दगड तर मी न्हाई ना उपसला? दाखव की दगड.

धम्मशीला : दगडातलं फळ कशाशी ताडून बघू? फळाबिगर ह्याची जात ठरत न्हाई.

सिद्धोधन : आमची ठरवून झाली, आता हिरीतल्याची ठरवा!

धम्मशीला : मस्करी करू नका, रडायला यायलंय मला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फळ धरलं होतं. मागच्या रविवारी बघितलं, कच्चं होतं. म्हणलं तोडायचं न्हाई, पिकू द्यायचं.

सिद्धोधन : पिकायला ठिवलं होतंस?

धम्मशीला : हो.

सिद्धोधन : अन् मला सांगितलं न्हाई.

धम्मशीला : काय सांगणार होते? कारा, जीवाश्म, वर्गीकरण... तुमाला कळलं नसतं, म्हून शेवाळ म्हणलं अन् फोन ठिवला.

सिद्धोधन : आत्ता कळलं का न्हाई?

धम्मशीला : कळलं.

सिद्धोधन : एवढंच बोलायचं होतं की, बाई. भावकीतलं हाय, फळ धरलंय, पिकू द्या. उभ्या पिकात बैल घालणारा माणूस हाय का मी? हिरीवर राखण बसलो असतो!

धम्मशीला : गाळ कुठाय?

सिद्धोधन : शेजारच्या सूर्यभाननं नेला, त्याच्या हळदीत टाकायला. ट्रॅक्टर भरून.

धम्मशीला : त्याच्यात जुनं बी असंल. वाळलं तरी मरत न्हाई ते. पण उगवंल कव्हा, फळ धरंल कव्हा... अन् सर उद्या यायलेत. काय सांगू त्यांना?

सिद्धोधन : जे हाय ते सांग. बापाला कळत न्हाई म्हून सांगितलं न्हवतं, म्हणावं.